लव्हेंडर नाही, जायो आहेत: फोंडा तालुक्यात मैत्रिणीबरोबर एक निवांत दिवस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझी पुण्याची मैत्रीण गेल्या वर्षी लेकीबरोबर फ्रान्सला जाऊन आली. प्रोव्हान्स, जांभळी शेतं, शेकड्याने फोटो. सप्टेंबरात ती माझ्याकडे फोंड्याला आली ती लव्हेंडरची एक सुकी पुरचुंडी घेऊन, आणि चहा पुढ्यात यायच्या आत तिने विचारलं, "तुमच्या गोव्यात असं काही आहे का गं?" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जे भटकलो, त्याबद्दल नंतर इतक्या जणींनी विचारलं की आता सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवते.

गोव्यात लव्हेंडरची शेतं आहेत का?

नाहीत. कुणी दाखवतो म्हणालं तर त्याच्या गाडीत बसू नका.

लव्हेंडर हे मुळात भूमध्य सागराकडचं झुडूप. त्याला कोरडी, खडकाळ, चुनखडीची जमीन लागते, थंडी लागते आणि मुळाशी पाणी साचलेलं अजिबात खपत नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, माती आंबट, आणि थंडी म्हणजे जानेवारीत पहाटे एखादी चादर. मी हौसेने कुंडीत लावून पाहिलं होतं. मे महिन्यापर्यंत रडतखडत जगलं, जुलैच्या पहिल्या आठवड्यात खालून काळं पडून गेलं. त्या कुंडीत आता गवती चहा आहे. त्याला कोणी काही विचारत नाही, तो वाढतोच.

मग खरं लव्हेंडर बघायचंच असेल तर?

प्रोव्हान्सला जायचं असेल तर जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत वालांसोलच्या पठारावर जा. जरा उशीर झाला तर सो या गावाकडे, तिथे उंची जास्त म्हणून फुलं मागून येतात. मैत्रिणीने सांगितलेली गोष्ट मला माहीत नव्हती: फोटोत दिसणारी ती भरगच्च गोल झुडपांची शेतं बहुतेक खऱ्या लव्हेंडरची नसतात. तो लाव्हांदें नावाचा संकर असतो. त्याला बी धरत नाही, फांद्या लावूनच वाढवावा लागतो. तेल भरपूर देतो, पण वासात कापराची झाक, म्हणून ते साबणाकडे जास्त जातं. अत्तरवाल्यांना हवं असतं ते डोंगरावरचं खरं लव्हेंडर. गॉर्दजवळचा सेनांक मठ, ११४८ साली स्थापन झालेला, त्याच्यासमोरच्या जांभळ्या रांगा तुम्ही कॅलेंडरवर पाहिल्या असतीलच.

देशातल्या देशात जायचं तर जम्मूतल्या डोडा जिल्ह्यात भदरवाह. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेने अरोमा मिशनमधून, म्हणजे सुवासिक पिकांच्या सरकारी योजनेतून, तिथल्या शेतकऱ्यांना रोपं दिली, आणि मका लावणारी कितीतरी शेतं लव्हेंडरकडे वळली. तिथेही हंगाम जून-जुलैचाच.

यातलं काहीच सप्टेंबरात गोव्यात पाहुणी आलेल्या मैत्रिणीच्या कामाचं नाही. म्हणून पुढचे प्रश्न.

फोंडाच का? गोव्याला आलं की समुद्रावर जातात ना?

समुद्र कुठे पळून जात नाही. फोंडा तालुक्यात तुम्हाला वासांचा गाव सापडतो, आणि त्याचं कारण आहे कुळागर.

कुळागर म्हणजे नुसती सुपारीची बाग असं लोकांना वाटतं. दोन डोंगरांच्या मधली घळ, वरून बारमाही झर, त्या झरीचं पाणी पाटाने एकेका झाडाच्या आळ्यात फिरवलेलं. सगळ्यांत वर माड आणि पोफळी. पोफळीच्या अंगाखांद्यावर मिरवेल. मधल्या मजल्यावर जायफळ, फणस, भिरंड (कोकम), केळी. खाली वेलदोडा, अननस, आलं, हळद. एकाच तुकड्यात चार मजले, आणि प्रत्येक मजल्याला आपल्यापुरतं ऊन. रस्त्यावरून आत उतरलात की दहा पावलांत हवा गार होते आणि ओल्या मातीचा, कुजक्या झावळांचा, कुठूनतरी दालचिनीचा वास एकदम अंगावर येतो.

मैत्रीण तिथे उभी राहून म्हणाली, "तिकडे लांबून बघायचं असतं. इथे आत शिरावं लागतं." मला हे पटलं. लव्हेंडरचं शेत डोळ्यांनी एका नजरेत पाहून होतं. कुळागरात काय आहे ते नजरेला कळतच नाही, सगळं हिरवं दिसतं. पान चुरगळलं, साल खरवडली, बोटं नाकाशी नेली की मग एकेक झाड ओळख देतं.

आणि मिरीसाठी पोर्तुगीज एवढा समुद्र ओलांडून आले, १५१० साली गोवा घेऊन बसले, ती मिरी इथे कुंपणाच्या आंब्यावरही चढलेली असते. कुणी ढुंकून बघत नाही.

कधी यावं?

कोणता वास हवा त्यावर आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर मला सगळ्यांत आवडतो: पाऊस ओसरलेला, झरी भरलेल्या, हळदीची पानं कमरेएवढी, मिरीचे हिरवे घोस लोंबताहेत, जायो, म्हणजे जाईची फुलं, आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी मिरी आणि सुपारी उतरवायचे दिवस, बागेत खरं काम चाललेलं दिसतं, पण पर्यटकांच्या बसही तेव्हाच. फेब्रुवारी ते एप्रिल व्हॅनिला फुलते, सुरंगी येते. मार्चपासून मेपर्यंत काजू, आणि बोंडं आंबवल्याचा वास अख्ख्या रस्त्याला. ज्यांना तो सोसवत नाही त्यांनी तेव्हा येऊ नये. मला सोसवतो.

जून-जुलै टाळा. पाऊस सुंदर असतो, पण तो घरच्या ओसरीवरून.

दिवसाचा क्रम कसा ठेवावा?

बहुतेक लोक सकाळी मंगेशीचं देऊळ, मग म्हार्दोळचं म्हाळसेचं देऊळ, मग धावतपळत मसाल्याची बाग, जेवण आणि चारला परत समुद्रावर, असं करतात. आम्ही उलटं केलं. सकाळी आधी बाग, दुपारी काही नाही, संध्याकाळी म्हार्दोळ. याला एक साधं कारण आहे, ते म्हार्दोळच्या प्रश्नात सांगते.

दोनच ठिकाणं ठरवा. कवळ्याची शांतादुर्गा, बांदिवड्याची महालक्ष्मी आणि नागेशी, आदिलशाहीत १५६० च्या सुमारास बांधलेली साफा मशीद, खांडेपारच्या लेण्या, शिवाजी महाराजांनी १६७५ साली घेतलेला फोंड्याचा कोट, हे सगळं जवळजवळच आहे आणि मोह होतो. मैत्रिणीने यादी काढली होती. मी ती तिच्याच पर्समध्ये परत ठेवली.

न्याहारी कुठे?

फोंड्याच्या बाजारात कुठल्याही गर्दीच्या हॉटेलात. पातळभाजी, पाव, एक मिरची भजी, आणि गोडसर बन मिळाला तर तो. पाव पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) असेल तर उंडो मागा, कडक कवचाचा. एवढं खाऊन निघालात की बागेच्या फेरीत जेवणाची घाई होत नाही.

कोणती बाग निवडावी?

सावईवेरे, केरी, कुर्टी, खांडेपार, या सगळ्या बाजूंना पर्यटकांना खुल्या असलेल्या बागा आहेत. मी एकीचं नाव घेऊन दुसरीला कमी लेखणार नाही, पण निवडताना बघायचं काय ते सांगते.

मागे एकदा मी पाहुण्यांना घेऊन एका बागेत गेले होते. चाळीस माणसांचा घोळका, पुढे माइक घेतलेला मुलगा, प्रत्येक झाडापाशी एक पाठ केलेला विनोद, आणि अर्ध्या तासात आम्ही मसाल्यांच्या दुकानात पोचलो. बागेतल्या वासापेक्षा पुढच्या माणसाचं सनस्क्रीन जास्त लक्षात राहिलं. तेव्हापासून मी आधी फोन करून विचारते: बस किती वाजता येतात? त्यांच्या आधी पोचायचं. साधारण नऊ-साडेनऊला गेलात तर बागेतलाच एखादा काम करणारा माणूस सोबत मिळतो, आणि तो तुमच्या चालीने चालतो.

आम्ही सावईवेऱ्याच्या बाजूला गेलो. सोबत आलेले काका साठीच्या पुढचे, पायात चप्पल नाही, हातात कोयता. "घाई आसा?" एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी विडी पेटवली आणि आम्ही तिघं पाटाकाठी बसलो. फेरीची सुरुवात अशी व्हायला हवी.

बागेत नेमकं काय हुंगायचं?

दालचिनीचं पान आधी. साल सगळ्यांना माहीत असते, पान चुरगळलं की मात्र लवंगेचा वास येतो आणि माणूस फसतो. मैत्रीण पैज हरली.

मग तिरफळ. हिरवी फळं बोटांत दाबली की लिंबू आणि झिणझिण्या एकदम. गोव्याच्या बांगड्याच्या कढीत हेच असतं, हे तिला आत्ता कळलं. वीस वर्षं ती ते काटा समजून ताटाच्या कडेला काढत होती.

जायफळाच्या झाडाखाली काकांनी एक पिवळं फळ उकलून दाखवलं. आत तपकिरी बी, आणि त्यावर लालभडक जाळी. ती जाळी म्हणजे जायपत्री. ताजी असताना तिचा रंग इतका ओला लाल असतो की ती खायची वस्तू वाटत नाही. जायफळात नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि फुलायला सहासात वर्षं लागतात. लावलेलं झाड नर निघालं तर? "तर सावली," काका म्हणाले.

वेलदोड्याची फुलं शोधायला खाली वाका, ती बुडाशी, जमिनीलगत येतात. मिरीच्या एकाच वेलावरून काळी, पांढरी आणि हिरवी अशा तिन्ही मिरी निघतात, फरक फक्त कधी तोडली आणि पुढे काय केलं याचा.

व्हॅनिलाचा वेल तेव्हा नुसता पानांचा होता, पण तिथे आम्ही सगळ्यांत जास्त वेळ थांबलो. हे ऑर्किड मूळचं मेक्सिकोकडचं. फूल एकच दिवस उमलतं, आणि आपल्याकडे त्याचं परागण हाताने करावं लागतं, फुलामागे एक माणूस, एक काडी. ही काडीची युक्ती १८४१ साली रियुनियन बेटावरच्या एदमों अल्बियूस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. जगभरातली व्हॅनिला आजही त्याच युक्तीवर उभी आहे. काकांना हे नाव माहीत नव्हतं, पण काडी कशी धरायची ते त्यांनी हवेतच करून दाखवलं, अंगठ्याने हलकं दाबून. मैत्रीण म्हणाली, तिकडे बी न धरणारं लाव्हांदें, इकडे हाताने लगीन लावायला लागणारी व्हॅनिला. सुवासिक झाडांचे नखरे फार.

लव्हेंडरच्या वासाजवळ जाणारं काही सापडलं का?

सापडलं, पण बागेत नाही. बागेच्या स्वयंपाकघरात.

लव्हेंडरच्या वासात लिनलूल नावाचं एक द्रव्य मोठ्या प्रमाणात असतं. धण्यांच्या तेलातही मुख्य तेच. जाईतही ते असतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण कधी ताडून पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघरात एक बाई मसाल्यासाठी धणे रगडत होत्या. मैत्रिणीने पर्समधली पुरचुंडी काढली, आधी ती हुंगली, मग मूठभर कच्चे धणे. तीनचारदा आलटूनपालटून. मग पुरचुंडी त्या बाईंच्या नाकाशी धरली. त्यांनी हुंगली आणि म्हणाल्या, "साबण."

घरी करून बघा. धणे भाजलेले नकोत, कच्चे, जरासे ठेचलेले. हुबेहूब लव्हेंडर नाही येत, पण मागे कुठेतरी तोच गारवा आहे.

जेवण?

बागांत बहुधा जेवण फेरीतच धरलेलं असतं, आधी विचारून घ्या. आम्हाला केळीच्या पानावर भात, हुमण (माशाची आमटी), खतखते (मिश्र भाज्यांचं), सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किस्मूर आणि सोलकढी मिळाली. खतखत्यात तिरफळं होती आणि या वेळी ती बाजूला काढली गेली नाहीत. काही बागांत फेरीनंतर मानेवरून पाठीवर गार सुगंधी पाणी ओतायची पद्धत आहे, दचकू नका. फेणी पुढे केली तर नुसती वास घेऊनही ठेवता येते. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण मानांकनामुळे ती कुणाला आवडली असं मी तरी पाहिलेलं नाही.

श्रावण-भाद्रपदात आलात आणि कुणाच्या घरी पातोळ्या होत असतील तर बाकी सगळं रद्द करा. हळदीच्या पानात उकडताना जो वास सुटतो तो मला सांगता येणार नाही.

दुपारी एक ते चार काय करायचं?

काही नाही. गोव्यात या वेळात दुकानंही झोपतात. सावईवेऱ्यातच अनंताचं देऊळ आहे, शेषावर पहुडलेला विष्णू. देवच झोपलेला आहे म्हटल्यावर आम्हीही मंडपात खांबाला टेकलो. मी घोरले असं ती म्हणते.

म्हार्दोळला संध्याकाळीच का जायचं?

कारण जाई संध्याकाळी उमलते. कळ्या दुपारपासून खुडतात, माळा होतात, आणि दिवे लागायच्या सुमाराला त्या हातातल्या हातात उघडू लागतात. सकाळी घाईत येऊन गेलेल्यांना तो वास भेटतच नाही.

म्हार्दोळच्या जायो गोवाभर प्रसिद्ध आहेत. तिथली फुलकार कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या त्या लावतात, आणि पावसाळ्यात म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते, तेव्हा अख्खं देऊळ फुलांनी मढवतात. म्हाळसा मूळची वेर्ण्याची, मंगेश कुठ्ठाळीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा दोघांना नदीपलीकडे या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या भागात आणलं. देवळापुढची कासवाच्या पाठीवर उभी असलेली उंच पितळी समई बघायला विसरू नका.

देवळाबाहेर फुलं घेऊन बसलेल्या बाईंनी माझ्या मैत्रिणीकडे पाहून दोन फाती उचलल्या. "बाये, एक तुका, एक देवीक." तिने केस कापलेत, फाती माळायची कुठे? बाईंनी क्षणभर विचार केला आणि तिच्या मनगटाला गुंडाळून दिली. घरी पोचेपर्यंत गाडीभर वास होता. फाती म्हणजे गजराच, पण आमच्याकडे फातीच म्हणतात. अबोलीची फातीही घ्या, तिला वास नाही पण रंग आहे.

मंगेशी पुढच्याच वळणावर. वेळ असेल तर जा.

म्हणजे जांभळं काहीच बघायला मिळत नाही?

मिळतं, पण गुडघे टेकावे लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरात जांभ्याच्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) सीतेची आसवं फुलतात, निळीजांभळी, नखाएवढी. दिसायला गरीब, पण मुळाशी बारीक पिशव्या असतात आणि त्यांत ती ओल्या मातीतले सूक्ष्म जीव धरून खातात. पठारंच्या पठारं जांभळी हवी असतील तर साताऱ्याला कासवर जा. आपल्याकडे सड्यांवर कारखाने आणि कॉलन्या उभ्या राहताहेत, आहे ते बघून घ्या. आणि कृपा करून फोटोसाठी फुलांत लोळू नका. बागेच्या वाटेवर रानहळदीचा गुलाबी-जांभळा तुरा दिसला तर तोही त्याच हंगामातला.

गाडी नसेल तर?

पणजीहून आणि मडगावहून फोंड्याला बस सतत असतात. पणजीची बस म्हार्दोळ-मंगेशीवरूनच येते. आत सावईवेऱ्याकडे बस कमी, फोंड्याहून रिक्षा ठरवा आणि परतीचंही तेव्हाच बोलून ठेवा.

कपडे आणि बाकी सोय?

देवळांसाठी अंगभर. बागेसाठी पकड असलेली चप्पल, पाटाच्या कडा शेवाळलेल्या असतात. पावसाळ्यात जळवा लागू शकतात, मिठाची पुडी ठेवा. आणि त्या दिवशी अत्तर लावू नका, बाकी सगळे वास मरतात.

नवऱ्यांना नेलं तर चालेल का?

चालेल. पण "आता पुढे काय?" असं दर अर्ध्या तासाने विचारणार नसतील तर.

आठवण म्हणून काय आणावं?

बागेतल्या दुकानातली चकचकीत पाकिटं मी घेत नाही. फोंड्याच्या बाजारात तिरफळं, सुकी भिरंडं, अख्खी जायपत्री मिळते, वास घेऊन घ्या.

लव्हेंडरच्या पुरचुंडीसारखं काही हवं असेल तर बकूळ. तिला आमच्याकडे ओवळां म्हणतात. सुकली की तपकिरी होतात आणि वास तसाच राहतो, वर्षानुवर्षं. सप्टेंबरात ताजी मिळत नाहीत, म्हणून मी आईच्या लाकडी पेटीतल्या साड्यांमधली एक जुनी माळ काढून मैत्रिणीला दिली. तिने तिची पुरचुंडी पेटीत त्याच जागी ठेवली. परवा फोन आला होता. माळ तिने न सांगता लेकीच्या कपाटात सरकवून ठेवलीय, आणि लेक रोज विचारते, आई, हा वास कुठून येतोय?